हीटरचा कोड आला, तरी सेन्सर लगेच बदलू नका

"दादा, आता तिसरा सेन्सर घालायचा का?" गेल्या पावसाळ्यात एका गाडीमालकांनी हे विचारलं, तेव्हा त्यांच्या आवाजात रागापेक्षा थकवा जास्त होता. चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक होती. चेक इंजिनचा दिवा दोन महिने जळत होता. पुढचा, म्हणजे इंजिनाकडचा, ऑक्सिजन सेन्सर दोनदा बदलून झाला होता, आणि दोन्ही वेळा एक-दोन दिवसांत तोच कोड परत आला होता: पी०१३५, म्हणजे या सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड. काढलेला सेन्सरही चांगला होता आणि घातलेलाही. दोष होता सेन्सरपासून दोन हात लांब, वायरिंगच्या एका जोडात. तो सापडायला एक बल्ब आणि अर्धा तास पुरला. ती तपासणी कशी करायची, ते इथे क्रमाने लिहितो. ज्याला मल्टिमीटर धरता येतो त्याला हे घरच्या पार्किंगमध्ये जमतं.

हीटर असतो कशाला

सायलेन्सरच्या पाइपात बसणाऱ्या या सेन्सरच्या आत झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं. धुरात किती ऑक्सिजन उरलाय हे त्याला साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय कळत नाही. गार असताना तो मुकाच असतो. १९७६ मध्ये बॉशचे हे सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांत हीटर नव्हता. धुराच्या उष्णतेनेच ते तापायचे. १९८० च्या दशकात सेन्सरच्या पोटात छोटा हीटर बसवला गेला, आणि मग गाडी चालू केल्यावर अर्ध्या ते एका मिनिटात सेन्सर बोलायला लागला.

हीटर मेला तर काय होतं? ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, सेन्सरकडून काहीच कळत नाही. तो ठरावीक अंदाजाने पेट्रोल सोडत राहतो, आणि गार इंजिनात तो अंदाज नेहमी जास्तीकडे झुकलेला असतो. गाडी हायवेवर निघाली की धुरानेच सेन्सर तापतो आणि सगळं सुरळीत चालतं. म्हणूनच लोक म्हणतात, "दिवा जळतोय, पण गाडीला काही त्रास नाही." लांब पळणाऱ्या गाडीला खरंच कमी त्रास असतो. पण रोज सकाळी मुलांना दोन किलोमीटरवर शाळेत सोडून परत येणारी गाडी जवळजवळ पूर्ण वेळ अंदाजावर चालते. तिचं पेट्रोल जास्त जातं, प्लग काळे पडतात, आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आयुष्यावर उठतं. मागच्या, म्हणजे कन्व्हर्टरनंतरच्या, सेन्सरचा हीटर गेला तर मायलेजला फारसा फरक पडत नाही. त्याचं मुख्य काम कन्व्हर्टरवर नजर ठेवण्याचं असतं.

सर्किट आधी डोक्यात बसवा

हत्यारं काढण्यापूर्वी करंटचा रस्ता समजून घ्या. बहुतेक गाड्यांत तो असा जातो: बॅटरीतून मेन रिले, तिथून फ्यूज, फ्यूजमधून हीटरची एक वायर. हीटरमधून दुसऱ्या वायरीने बाहेर पडून करंट ईसीएममध्ये जातो, आणि ईसीएम आतून ती वायर अर्थला जोडतो. म्हणजे प्लस कायम हजर, आणि चालू-बंद होतं ते अर्थच्या बाजूला. ईसीएम ही अर्थ सलग देत नाही. सेकंदाला अनेक वेळा जोडतो-तोडतो आणि त्यावरून हीटर किती तापवायचा ते ठरवतो. काही जुन्या गाड्यांत अर्थ थेट बॉडीला असते आणि रिले प्लसच्या बाजूला. तुमच्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम मिळाला तर तो समोर ठेवूनच कामाला लागा.

सेन्सरच्या चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन असतील, तर त्या हीटरच्या. बॉशच्या सेन्सरला सहसा दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची आणि राखाडी सिग्नलच्या अर्थची. डेन्सोच्या सेन्सरला सहसा दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थची. हे रंग सेन्सरच्या बाजूचे. कपलरच्या, म्हणजे सेन्सर गाडीच्या वायरिंगला जोडणाऱ्या प्लगच्या, पलीकडे गाडीच्या वायरिंगचे रंग वेगळे असतात, आणि तिथे रंगावरून अंदाज बांधायला गेलात तर फसाल. कपलर लावून बघा, हीटरच्या वायरींसमोर कोणत्या पिना येतात ते खुणा करून ठेवा. पाच किंवा सहा वायरींचा सेन्सर असेल तर तो वाइडबँड प्रकारचा. त्याची हीटर तपासणी याच रीतीने होते, पण सिग्नलचे आकडे वेगळे.

कोड काय सांगतो, काय सांगत नाही

स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावा. ब्लूटूथचा साधा ईएलएम ३२७ अडॅप्टर आणि मोबाइलही चालेल. पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड, पी०१४१ म्हणजे मागच्या. पी००३० ते पी००३२ पुढच्या हीटरच्या कंट्रोल वायरीबद्दल बोलतात, पी००३६ ते पी००३८ मागच्या. यात पी०००३१ असं काही नसतं, शून्यं मोजून वाचा. पी०१३१ आणि पी००३१ यांत गल्लत झाली की तपास चुकीच्या वायरीवर सुरू होतो. पी०१३१ सिग्नलचा कोड आहे, हीटरचा नव्हे. एका रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनाला बँक, म्हणजे सिलिंडरची रांग, एकच, त्यामुळे बँक दोनचे कोड आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत येतच नाहीत.

पी००३१ आणि पी००३७ मध्ये ईसीएमला कंट्रोल वायरीवर व्होल्टेज हवं तिथे मिळत नाही. फ्यूज उडाला, हीटरची तार तुटली, वायर तुटली किंवा कंट्रोल वायर कुठेतरी बॉडीला टेकली, तर हा कोड येतो. पी००३२ आणि पी००३८ मध्ये उलटं: वायर अर्थला ओढूनही व्होल्टेज खाली येत नाही, म्हणजे ती प्लसला शॉर्ट आहे किंवा हीटर आतून शॉर्ट आहे. पी०१३५ यापेक्षा मोघम आहे. हीटरमधून जायला हवा तेवढा करंट जात नाही, एवढाच त्याचा अर्थ धरा. "सेन्सर खराब" असं यातला एकही कोड म्हणत नाही.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम लिहून ठेवा. कोड पडला त्या क्षणी कूलंटचं तापमान, बॅटरीचं व्होल्टेज, इंजिन चालू होऊन किती वेळ झाला, हे त्यात असतं. आणि बरोबर आणखी कोणते कोड आहेत ते नीट पाहा, कारण अर्धा तपास तिथेच होतो. दोन्ही सेन्सरचे हीटर कोड एकदम आले तर दोन हीटर एकाच दिवशी मेले असं समजू नका. दोघांना पुरवठा करणारा फ्यूज किंवा रिले सहसा एकच असतो, तिथून सुरुवात करा. त्या हॅचबॅकमध्ये फक्त पुढच्याचा कोड होता. म्हणजे फ्यूज शाबूत होता आणि दोष फाटा फुटल्यानंतरच्या वायरीत किंवा सेन्सरमध्ये होता. एवढं बॉनेट उघडायच्या आधीच कळलं होतं.

गार इंजिनावर आधी स्कॅनरने बघा

गाडी रात्रभर उभी असावी. स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज लावून गाडी चालू करा. हीटर चांगला असेल तर मिनिटाच्या आत आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान वरखाली व्हायला लागतो. हीटर मेलेला असेल तर आकडा एकाच जागी, बऱ्याच गाड्यांत ०.४५ च्या आसपास, मिनिटामागून मिनिटं बसून राहतो आणि इंजिन चांगलं तापल्यावरच हलतो. वाइडबँड सेन्सरला हा कस लागू नाही.

फ्यूज आणि कपलर

फ्यूज डोळ्यांनी बघून सोडू नका. तो जागेवर असतानाच, चावी ऑन करून, त्याच्या पाठीवरच्या दोन्ही उघड्या टोकांवर व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे बॅटरीइतकं हवं. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, तर फ्यूज उडालेला. कुठेच नाही, तर रिलेकडे जा. काही गाड्यांत हीटरला पुरवठा फ्यूएल पंपाच्या रिलेतून येतो, आणि तो रिले चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंदच चालू राहतो. तिथे इंजिन चालू ठेवूनच मोजावं लागतं.

फ्यूज उडालेला असेल तर नवा घाला, पण मोठ्या अँपिअरचा कधीच नाही. १० चा असेल तर १० चाच. नवा घालण्याआधी दोन्ही सेन्सरचे कपलर काढा. फ्यूज टिकला तर एकेक कपलर लावा. ज्याने उडेल तो सेन्सर शॉर्ट आहे, किंवा त्याची वायर सायलेन्सरवर वितळली आहे.

आता कपलर. सायलेन्सर गार असू द्या. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड लावाच. कपलर उघडून उजेडात धरा. हिरवट थर, काळपट जळलेली पिन, मागे सरकलेली पिन, आत साचलेलं पाणी यातलं काही दिसतं का ते पाहा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीत तांब्याची पिन हिरवी झालेली हमखास दिसते. उभ्या गाडीत उंदीर वायरींवर दात घासतात, तेव्हा पूर्ण वायरिंगवरून बोट फिरवा. सीएनजी किट लावलेली असेल तर आणखी एक जागा बघा: किट बसवताना सेन्सरच्या वायरीला सोलून जोड दिला जातो. तो सिग्नलच्या वायरीचा असतो, पण सोलताना शेजारची वायर दुखावलेली मी पाहिली आहे.

कपलरमध्ये ग्रीस किंवा तेलकट स्प्रे मारू नका. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि ती वायरींच्या आतल्या पोकळीतून येते. तिथे वाफ शिरली तर सेन्सर खोटं बोलायला लागतो.

हीटरचा रेझिस्टन्स

कपलर काढलेला, सेन्सर गार. मल्टिमीटर सर्वांत खालच्या ओहमवर ठेवा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून मीटरच्या तारांचाच रेझिस्टन्स किती ते बघा आणि तो वजा धरा. आता सेन्सरच्या बाजूला हीटरच्या दोन पिनांमध्ये मोजा. आकडा गाडीगणिक बदलतो: कुठे ३ ओहम, कुठे ६, कुठे १४. साधारण २ ते २० ओहमच्या आत असेल तर हीटरची तार शाबूत आहे. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरा, आणि तो बहुधा २० अंश तापमानाचा असतो. तापलेल्या सेन्सरवर मोजू नका. हीटर तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि चांगला सेन्सर खराब वाटतो.

मीटरने काहीच दाखवलं नाही तर तार तुटली, सेन्सर बदलायचा, पुढचं वाचायची गरज कमी. आकडा एका ओहमपेक्षाही खाली, जवळजवळ शून्य आला तर आत शॉर्ट. हीटरच्या प्रत्येक पिनेपासून सेन्सरच्या लोखंडी अंगापर्यंत आणि सिग्नलच्या पिनांपर्यंतही मोजा. तिथे जोड मुळीच दिसता कामा नये.

आकडा बरोबर आला तरी सेन्सर निर्दोष ठरत नाही. गार असताना जुळणारी तार तापल्यावर सुटू शकते. म्हणून मीटर लावलेलाच ठेवून सेन्सरजवळची वायर हळूच हलवा, वाकवा. आकडा उडी मारतोय का बघा.

मीटर जे लपवतो ते बल्ब दाखवतो

या तपासणीतला सर्वांत मोलाचा भाग हा आहे, आणि बहुतेक ठिकाणी नेमका हाच गाळला जातो.

मल्टिमीटर व्होल्टेज मोजताना वायरीतून जवळजवळ करंट घेतच नाही. त्यामुळे वायर आतून सडली असेल तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. नळ बंद असताना तुंबलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पुरा असतो, तसंच हे. नळ उघडल्यावर खरं कळतं. बहुतेक हीटर गार असताना साधारण एक ते दोन अँपिअर घेतात, तेव्हा वायरीवर तेवढाच भार टाकून बघायला हवं. २१ वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. होल्डरसकट एक बल्ब घ्या, त्याला दोन वायरी लावा, टोकांना बारीक पिना. पिना जाड नकोत, नाहीतर कपलरचं तोंड सैल होऊन नवा दोष तयार होतो.

गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये, चावी ऑन करून, बल्बचं एक टोक हीटरच्या प्लस पिनेत आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला लावा. बल्ब ढणढणीत पेटायला हवा. पेटलेला असतानाच त्याच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर वाटेत कुठेतरी करंट अडतोय.

त्या हॅचबॅकमध्ये नुसत्या मीटरवर १२.३ आलं होतं. आधीच्या दोन्ही वेळी तपास इथेच थांबला असणार, कारण १२ व्होल्ट दिसल्यावर दोष सेन्सरवरच जातो. बल्ब लावला तर तांबडा, मरगळलेला उजेड. टोकांवर ४.१ व्होल्ट. मग कपलरपासून मागे येत वायरिंगचं जाकीट सोललं. बॅटरीच्या ट्रेखाली, पाणी ठिबकतं अगदी तिथे, काळ्या टेपचं एक जाड गाठोडं होतं. कधीतरी अपघाताच्या कामात वायर जोडली असावी. टेप उलगडली तर चिकट झालेली, आणि आत पिळलेल्या तारांच्या जागी हिरवी भुकटी. बोटाने दाबताच जोड तुटला. आठ व्होल्ट त्या भुकटीत अडकत होते.

आता कंट्रोलची बाजू. यासाठी ५ वॅटचा छोटा बल्ब घ्या. तो अर्ध्या अँपिअरहूनही कमी घेतो, त्यामुळे ईसीएमवर हीटरपेक्षा जास्त भार पडायचा प्रश्न नाही. कोड पुसून टाका, कारण काही ईसीएम कोड पडल्यावर हीटर चालवणंच थांबवतात. गाडीच्या कपलरमध्ये हीटरच्याच दोन पिनांत हा बल्ब लावा, म्हणजे हीटरच्या जागी बल्ब. गार इंजिन चालू करा आणि पहिल्या मिनिटातच बघा. बल्ब पेटला किंवा लुकलुकला तर ईसीएम अर्थ देतोय. वरची २१ वॅटची तपासणीही पास झाली असेल, तर गाडीची बाजू निर्दोष आहे आणि आता खुशाल सेन्सर बदला.

मागच्या सेन्सरला इथे धीर धरावा लागतो. गार सायलेन्सरमध्ये पाण्याचे थेंब असतात, आणि तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला तर ते तडकतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत सायलेन्सर गरम होईपर्यंत ईसीएम हीटर चालूच करत नाही.

पुढच्या सेन्सरच्या कपलरवर पहिल्या मिनिटात बल्ब पेटलाच नाही, तर कंट्रोल पिनेतलं टोक काढून बॉडीला लावा. पेटला, म्हणजे प्लस ठीक आणि कंट्रोलच्या बाजूला दोष. उलट, बल्ब हीटरच्या दोन पिनांत असताना नुसती चावी ऑन केल्यावर, इंजिन बंद असतानाच तो स्थिर पेटत असेल, तर बहुतेक गाड्यांत कंट्रोल वायर कुठेतरी बॉडीला टेकलेली आहे. सायलेन्सरजवळ, हीट शील्डच्या धारेवर आणि इंजिनाच्या ब्रॅकेटमागे शोधा.

कंट्रोल वायर तपासायला बॅटरीचं मायनस काढा, दहा मिनिटं थांबा, ईसीएमचा कपलर सोडवा. ईसीएमच्या पिनेपासून सेन्सरच्या कपलरपर्यंत रेझिस्टन्स एक ओहमच्या आत हवा, बॉडीकडे आणि शेजारच्या वायरींकडे काहीच जोड नको. हे सगळं बरोबर असेल आणि तरी बल्ब पेटत नसेल, तरच ईसीएमवर बोट ठेवा. तेव्हाही ईसीएमच्या स्वतःच्या अर्थच्या वायरी आधी तपासा.

दुरुस्ती

सडलेला तुकडा कापून टाका, तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे जा, आणि त्याच जाडीची वायर जोडा. गाडीच्या वायरिंगमध्ये सोल्डर करून वर गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. सेन्सरच्या स्वतःच्या वायरींना मात्र सोल्डर करू नका. त्यांची हवेची वाट बंद होते. तिथे क्रिंपचाच जोड हवा.

सेन्सर बदलायचाच असेल तर इंजिन थोडं कोमट असताना काढा, तेव्हा आटे सुटतात. २२ मिलिमीटरचा फट असलेला सॉकेट लागतो, आटे बहुतेक १८ मिलिमीटरचे. नव्याच्या आट्यांना कंपनीनेच लेप लावलेला असतो, वर काही लावू नका. सिलिकॉन सीलंट तर आसपासही नको, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो. साधारण ४० न्यूटन मीटरला घट्ट करा आणि वायर शील्डपासून दूर मूळच्या क्लिपमध्ये बसवा. कपलर कापून जोडायचा युनिव्हर्सल सेन्सर घेताना हीटरचा रेझिस्टन्स जुळवून घ्या. हीटर आणि सिग्नलच्या वायरी उलटसुलट झाल्या तर १२ व्होल्ट थेट ईसीएमच्या नाजूक बाजूला जातील.

दिवा घालवण्यासाठी कपलरमध्ये रेझिस्टर घालायचा सल्ला तुम्हाला कुणी तरी देईल. तो ऐकू नका. ६ ओहमच्या रेझिस्टरमध्ये १२ व्होल्टला २४ वॅट उष्णता तयार होते, वायरिंगच्या मधोमध. आणि सेन्सर गारच राहतो.

काम झालं की नाही

कोड पुसा आणि रात्रभर गाडी उभी ठेवा. सकाळी गार इंजिन चालू करून स्कॅनरवर सेन्सर किती सेकंदांत हलतो ते मोजा. बहुतेक गाड्यांत हीटरचा कोड लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच पक्का होतो. त्यामुळे पहिल्या दिवशी दिवा नाही, यावर समाधान मानू नका. प्रलंबित कोड वाचा, आणि स्कॅनरवरच्या रेडिनेसमध्ये, म्हणजे ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्यांच्या यादीत, ऑक्सिजन सेन्सर हीटरसमोर "पूर्ण" असं दिसेपर्यंत दोन-तीन वेळा गार गाडी चालवून पाहा.

त्या हॅचबॅकमध्ये नवी वायर टाकल्यावर बल्बवर १२.१ व्होल्ट आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सर ३५ सेकंदांत हलायला लागला. आधी काढलेला मूळ सेन्सर मालकांनी डिकीत कागदात गुंडाळून ठेवला होता. तो मोजला, साडेसहा ओहम. वापरात असलेल्यापेक्षा तसूभरही वेगळा नव्हता. त्याच्या कपलरला कोरडं कापड बांधून, वर तारीख आणि आकडा लिहून मी तो त्यांना परत दिला.